पोरांकडे निघताना थोडं बोलूया

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी चहाच्या टपरीशी जरा थांबलात, तर सुताच्या भावाच्या जोडीला हल्ली परदेशाच्या गोष्टीही कानावर पडतात. कुणाची लेक डॅलसला, कुणाचा मुलगा म्युनिकला. पूर्वी हे बोलणं दोन-चार बड्या कारखानदारांच्या घरचं असायचं. आता लूमवरच्या जॉबरचा मुलगा आणि टॉवेलला शिलाई मारणाऱ्या मावशीची मुलगीही अशोक चौकातल्या वालचंद कॉलेजमधून नाहीतर पुण्यातून शिकतात, हिंजवडीत किंवा हैदराबादला चार वर्षं काढतात आणि एक दिवस फोनवर म्हणतात, "आई, पप्पा, आता तुम्ही या."

ऐकून ऊर भरून येतो. गल्लीत सांगून होतं. आणि रात्री दिवा मालवला की पोटात गोळा येतो.

कारण विमानात बसवून द्यायला जावई, भाचा, कुणीतरी येतोच. पण तिकडे उतरल्यावर काय? दार उघडल्यापासून लेकीचा चेहरा दिसेपर्यंतचा जो तास-दोन तासांचा रस्ता आहे, तो आपल्याला एकट्याने चालायचा असतो. इंग्रजी तोडकंमोडकं, गुडघे कुरकुरणारे, समोर काचेआड बसलेला गणवेशातला माणूस. आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि पोरीच्या नोकरीवरच येईल, ही भीती तर जवळजवळ प्रत्येक घरात असते. फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

आपण काय करतो, सांगू का? पोरगी विचारते, "आई, जमेल ना गं?" आपण म्हणतो, "न जमायला काय झालंय? मी काय म्हातारी झाले का?" गुडघ्याचं इंजेक्शन घेऊन आठ दिवस झालेले असतात, तरी. पप्पांची शुगर वाढलेली असते, ती "तिला कशाला उगाच काळजी" म्हणून फोनवर सांगायची नसते. आपल्याला ते मायाळूपणाचं वाटतं. पण लेकीने आपलं तिकीट काढलेलं असतं ते आपण धडधाकट आहोत असं धरून. मध्ये थांबा असलेलं, दीड तासात विमान बदलायचं, स्वस्तातलं. गुडघ्याचं आधी कळलं असतं तर तिने थेट विमान पाहिलं असतं, नाहीतर व्हीलचेअर नोंदवली असती.

व्हीलचेअर म्हटलं की आपल्याकडे चेहरे बदलतात. "मी चालती-फिरती बाई, मला खुर्चीत बसवून नेणार?" अहो, मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणं म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्यात गर्दीतून हातात पिशव्या घेऊन वाट काढणंच, फक्त तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. ज्यांना खरंच चालवत नाही त्यांनी संकोच करू नये. तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं. बहुतेक विमान कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, आणि खुर्ची ढकलणारा माणूस तपासणीच्या रांगेपासून बॅगांच्या पट्ट्यापर्यंत सोबत असतो. मात्र पाय ठणठणीत असताना केवळ रांग चुकवायला खुर्ची मागणाऱ्यांचं मला पटत नाही. खुर्च्या मोजक्या असतात आणि मागे कुणीतरी खरंच अडलेलं असतं.

आता मुलांची बाजू. मुलं फोनवर खेकसतात, हे आपल्याला लागतं. "आई, किती वेळा सांगितलं, लोणचं नको!" "पप्पा, ते कागद एकाच फाइलमध्ये ठेवा म्हटलं ना!" आपण मनात म्हणतो, दोन पैसे कमवायला लागली नि आई-बापाला शिकवायला लागली. पण एकदा तिच्या जागी उभं राहून बघा. विमान उतरल्याचं तिच्या मोबाइलवर दिसतं. मग तासभर काहीच नाही. आपला फोन बंद. बाहेर येणाऱ्या प्रत्येक साडीकडे ती मान उंचावून बघते. आई पडली का, पप्पांना आत अडवलं का, मध्येच चुकून भलत्या विमानात तर बसले नाहीत ना? बोलावलं मी, काही झालं तर जबाबदार मी. फोनवरची ती खेकसणारी पोर आतून घाबरलेली असते, आणि आपल्यासारखीच तीही ते बोलत नाही.

म्हणून निघायच्या महिनाभर आधी एक रविवार फक्त या बोलण्यासाठी ठेवा. जेवलात का, पाऊस पडला का, ते नेहमीचं सगळं बाजूला. तिला सांगा, "मला सरकत्या जिन्याची भीती वाटते." सांगा, "साहेबाने इंग्रजीत विचारलं तर माझी वाचा बसेल." लाज कसली त्यात? मग तीही सांगेल, की माझ्या घरी जागा लहान आहे, हॉलमध्ये झोपावं लागेल. तेही तिला कितीतरी दिवस सांगायचं असतं.

आपण एमआयडीसीतली माणसं. टॉवेलचा कंटेनर न्हावा शेवाला जायचा असला की इनव्हॉइसवर एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. पॅकिंग लिस्ट तीनदा तपासतो, कुठल्या खोक्यात किती डझन ते मुखोद्गत असतं. आणि स्वतःच्या बॅगेत काय आहे ते मात्र आपल्याला धड ठाऊक नसतं. निघायच्या दिवशी नणंद येते नि डबा कोंबते, शेजारीण मसाल्याची पुडी देते, विहीणबाई पिशवीच पाठवते. तिकडे सामान तपासताना पहिला प्रश्न तोच असतो, बॅगेत खायचं काय आहे?

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विचारल्यावर "काही नाही" म्हणायचं नाही. आहे ते सांगायचं. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर काढून घेतात आणि विषय संपतो. लपवलेली सापडली तर दंड. २०१८ साली अमेरिकेत एका प्रवासी बाईंना ५०० डॉलरचा दंड झाला, तोही विमानातच खायला मिळालेलं सफरचंद पिशवीत राहिलं म्हणून. आपणही विमानातलं केळं "नंतर खाऊ" म्हणून पर्समध्ये टाकणाऱ्यातलेच. तेव्हा उतरण्याआधी पर्स रिकामी करा.

ताजी फळं, भाज्या, बिया न्यायच्या नाहीत. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब कितीही नामी असलं तरी. कढीपत्त्याची डहाळी तर अमेरिकेत मुळीच नाही. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि त्यावरून येणारी कीड तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावते, म्हणून ते लोक त्याला फार जपून असतात. युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत, म्हणजे पेढे राहिले घरी. आखाताकडे जाणार असाल तर खसखस चुकूनही नको. तिकडे ती अमली पदार्थांच्या यादीत धरतात, आणि मसाल्याच्या डब्यातली चिमूटभरसुद्धा महागात पडू शकते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच मुंबईच्या विमानतळावर बॅगेतून काढायला लावतात. त्यात तेल फार, उष्णतेने पेट घेण्याची भीती असते.

मग न्यायचं काय? शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. लेकीला तिकडे याच दोन गोष्टी स्वप्नात येतात. चटणी घरची चांगली खरी, पण इंग्रजीत नाव छापलेलं दुकानचं सीलबंद पाकीट बरं. उघडल्यावर काय आहे हे साहेबाला सांगत बसावं लागत नाही. हातातल्या बॅगेत मात्र ती ठेवू नका. लोणचं, तूप, तेलाने ओली चटणी हे सगळं मोठ्या बॅगेत. पॉवर बँक उलट हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत ती चालत नाही.

आणि अंगारा. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेतल्याशिवाय आपल्याकडे कुणी निघत नाही, आणि सिद्धरामेश्वराची विभूती असतेच पर्समध्ये. असू द्या की. पण पांढरी पूड, कागदाच्या पुडीत, वर नाव-गाव काही नाही, हे परक्या मुलखातल्या तपासणीवाल्याला कसं दिसेल? छोट्या डबीत घालून वर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवा. सुनेला सांगा, ती लिहून देईल. आणि कपाळाला लावण्यापुरतीच न्या. पुऱ्या सोसायटीला पुरेल इतकी नको.

बॅगांचं वजन आपल्याकडे कारखान्यातल्या काट्यावर होतं, हे मला फार आवडतं. पॅकिंग खात्यात टॉवेलचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर आक्कांची बॅग ठेवलेली, भोवती चार कामगार, कुणी म्हणतं साडेचोवीस, कुणी म्हणतं काटा चढा आहे. तेवीस किलोची मर्यादा असली तर बावीसवर थांबा. आणखी एक. २०२५ पासून आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोवा, मुंबईची विमानं सुरू झाली, त्यामुळे "आता घरापासून विमानानेच" असं मुलं हौसेने म्हणतात. पण देशातल्या विमानाचं वेगळं तिकीट असेल तर त्यात सामान बहुधा पंधरा किलोच धरतात. दोन-दोन मोठ्या बॅगा असल्या की आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेसच बरी. फक्त दादरला भल्या सकाळी उतरून मध्यरात्रीच्या विमानापर्यंत दिवसभर विमानतळावर ताटकळू नका. ठाण्याला, कल्याणला कुणी ना कुणी आपलं असतं. दुपारभर पाठ टेकवा. थकलेलं माणूस उतरल्यावर साध्या प्रश्नालाही अडखळतं.

प्रश्न साधेच असतात. कुणाकडे आलात, मुलगी काय करते, किती दिवस राहणार, परत कधी जाणार. जे खरं आहे ते, थोडक्यात. आपली सवय अशी की एक विचारलं तर चार सांगायचं. "मुलीकडे आलोय, तिचं पहिलं बाळंतपण, सासूबाईंची तब्येत बरी नाही म्हणून त्या येऊ शकल्या नाहीत, जावई फार चांगले आहेत..." साहेबाला जावयाच्या स्वभावाशी काही देणंघेणं नसतं. मुलीला भेटायला आलोय, अमुक पत्त्यावर राहणार, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे. झालं. समजलं नाही तर पुन्हा विचारा, हिंदी बोलणारा दुभाषी मागा. मागितला म्हणून कुणी कमी लेखत नाही. न कळता मान डोलावणं मात्र वाईट. घरी आपण सुनेच्या प्रत्येक बोलण्याला "हो हो" म्हणतो, तसं तिथे नको.

अमेरिकेच्या बाबतीत दोन गोष्टी पुष्कळांना ठाऊक नसतात. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते उतरल्यावर तो अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख नंतर ऑनलाइन बघता येते, मुलीला लगेच बघायला सांगा. आणि तिथे पुढे दुसरं विमान घ्यायचं असलं तर पहिल्या गावातच तपासणी होते, मोठ्या बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. "मुंबईला दिल्या, आता थेट घरी" असं नाही. अबू धाबीहून जाणाऱ्यांची अमेरिकेची तपासणी अबू धाबीतच उरकते. आपण कुठल्या वाटेने चाललोय ते मुलीकडून एकदा नीट समजून घ्या. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली. घाबरायचं कारण नाही, आपल्यासारख्या बाहेरून भेटीला येणाऱ्यांचे घेतातच. विडी वळून किंवा मेंदी लावून बोटं झिजलेली-रंगलेली असली की ठसे एका झटक्यात येत नाहीत, तेव्हा निघायच्या आठवड्यात मेंदी नको, आणि ठसा पुन्हा मागितला तर गडबडून जाऊ नका.

पत्ता आणि मुलीचा नंबर कागदावर, मोठ्या अक्षरांत. मोबाइल नेमका तेव्हाच मरतो. टॉवेलची पारदर्शक पिशवी असते ना, तीत पासपोर्ट, परतीचं तिकीट, पत्त्याचा कागद, औषधांची चिठ्ठी घालून गळ्यात नाहीतर पर्सच्या पुढच्या कप्प्यात. औषधं पाकिटातून सुटी काढून डबीत भरू नका, तशीच पट्टीत राहू द्या. ती जवळच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच 'एशियन व्हेज' जेवण सांगायला लावा. 'हिंदू मील' म्हणून जे मिळतं त्यात मांस असू शकतं, आणि मग आपल्या लिंगायत, जैन मावश्या अख्खा प्रवास दह्याच्या वाटीवर काढतात. विमानातल्या संडासात धुवायला पाण्याची सोय बहुधा नसते, छोटी बाटली जवळ असू द्या. कडी लावली की दिवा मोठा होतो. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

पूर्व भागातल्या पद्मशाली घरांना एक सोय आहे, तिचा त्यांनी फायदा घ्यावा. घरी तेलुगू बोलणाऱ्या अम्मांना हैदराबादचं विमानतळ मुंबईपेक्षा आपलं वाटतं, आणि तिथून अमेरिकेला निघालेल्यांत आपल्यासारखेच आई-बाप पुष्कळ असतात. शेजारच्या खुर्चीतल्या बाईशी बोला. दोघी मिळून रांगेत उभ्या राहिलात की भीती निम्मी होते.

आणि मग ते दार उघडतं.

इथे आपल्या हातून नकळत काय होतं पाहा. लेक धावत येते आणि आपलं पहिलं वाक्य असतं, "अगं किती वाळलीस! डोळ्यांखाली केवढं काळं!" माया असते ती, तिलाही कळतं. पण रात्रभर घर आवरून, गादीला नवी चादर घालून, आईला आवडतं म्हणून पिठलं करून ती आलेली असते. तिला ऐकायचं असतं की आई सुखरूप आली आणि आईला आनंद झाला. वाळण्याचं उद्या बोला.

नातवंडाचं तर विचारूच नका. तीन वर्षं मोबाइलवर "आज्जी, आज्जी" करणारं पोर प्रत्यक्षात आईच्या पायामागे लपतं. आपलं काळीज चरकतं. सोळा-सतरा तास ज्याच्यासाठी बसून आलो ते बघतसुद्धा नाही. मग आपण त्याला ओढून घ्यायला जातो, "ओळखत नाही का रे आजीला?" आणि ते भोकाड पसरतं. त्याची काही चूक नाही. त्याला ठाऊक असलेली आजी तळहाताएवढी असते, तिला वास नसतो, ती मिठी मारत नाही. ही समोरची बाई मोठी आहे, हिच्या साडीला प्रवासाचा वास आहे, बांगड्या वाजतायत, आणि आई हिला बघून रडतेय. लहान मुलाला आईचं रडणं बघून भीतीच वाटते.

त्याला वेळ द्या. हात पसरू नका, नुसतं हसा. गाडीत शेजारी बसा आणि खिडकीबाहेर बघा. आजोबांनी पिशवीतून काहीतरी काढावं, आपल्याच कारखान्यातला वाघाच्या चित्राचा छोटा टॉवेल चालेल, आणि न बोलता मांडीवर ठेवावा. बहुतेक पोरं घर यायच्या आत तो ओढून घेतात. काहींना दोन दिवस लागतात. तेवढे लागू द्या. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा, "तो आला नाही तर त्याला रागावू नकोस, मला वाईट वाटणार नाही." वाटतं, पण तरी सांगा. नाहीतर ती बिचारी विमानतळावरच लेकराला ढकलत राहते, "जा ना, आजीकडे जा ना," आणि दोघांच्या मध्ये तिचीच ओढाताण होते.

आपल्या एमआयडीसीत, पूर्व भागात, कुंभारीकडे आता जाऊन आलेले आई-बाप कमी नाहीत. तुम्ही त्यातले असाल तर एक विनंती. जो पहिल्यांदा निघालाय त्याच्या घरी एक संध्याकाळ जा. फोटो दाखवायला नको, तो कार्यक्रम नंतर. त्यांची बॅग उघडायला लावा, त्यांच्याकडून पत्ता पाठ म्हणवून घ्या, साहेब होऊन चार प्रश्न विचारा. मावशी हसतील, लाजतील, अडखळतील. सोलापुरात अडखळल्या तर बिघडत काही नाही.